दोन शाखा, एक वाडी

कोकणकिनाऱ्यावरच्या वाडीची लोकसंख्या जुलैत एक असते, गणपतीत दुसरी आणि सरकारदरबारी तिसरीच. 2011 ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली आणि होळी त्या वर्षी 19 मार्चला पेटली. प्रगणक तीन आठवडे थांबला असता तर त्याला ओटी भरून माणसे भेटली असती. तो आधीच येऊन कुलपे मोजून गेला. 2027 च्या जनगणनेचा संदर्भ दिवस 1 मार्च आहे आणि होळी मार्चच्या उत्तरार्धात, म्हणजे याही खेपेला पालखी बाहेर पडण्याआधी मोजणी आटोपणार. वाडीची या बाबतीत तक्रार नाही. आपण नक्की किती जण आहोत हे न ठरलेले बरे, कारण वर्गणी घरटी असते आणि घर म्हणजे काय यावरच मंडळाची निम्मी भांडणे उभी असतात.

गुहागर, दापोली, राजापूर, देवगड, मालवण या तालुक्यांतल्या समुद्राकडच्या वाड्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाला दोन शाखा असतात, मुंबई आणि ग्रामीण. मुंबई शाखेकडे पैसा असतो, ग्रामीण शाखेकडे किल्ल्या. या किल्ल्या शब्दशः किल्ल्या आहेत. बंद घरांच्या चाव्या शेजारच्या एखाद्या काकींच्या माजघरात खुंटीला टांगलेल्या असतात. कुठलीला लाल चिंधी, कुठलीला बाटलीचे बूच, एकीला जुन्या रेशनकार्डाचा तुकडा. चिंधी कोणाची आणि बूच कोणाचे हे फक्त काकींना ठाऊक. मंडळाच्या घटनेत त्यांना कोणतेही पद नाही, पण त्या चार दिवस माहेरी गेल्या तर वायरमनपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचे काम अडते. कार्यकारिणीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, हिशेबतपासनीस आणि सात सल्लागार असतात. सल्लागार नेमण्याचा हेतू सल्ला घेणे हा नसून मागच्या निवडणुकीत पडलेल्यांची सोय लावणे हा असतो.

या व्यवस्थेचे मूळ गिरणगावात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा सर्वांत मोठा होता, आणि तेव्हा आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही रत्नागिरीतच होता. सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला 1981 मध्ये. लालबाग-परळच्या चाळीत गावकीची एक खोली असे. दहा बाय बाराच्या त्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा होई. भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, खिळ्यांवर सदरे, आणि एका कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. मंडळाची पहिली घटना इथेच तयार झाली. तिच्यात तीन कलमे होती: भाडे वेळेवर द्यायचे, गावाहून आलेल्या नव्या पोराला नोकरी लागेपर्यंत ठेवून घ्यायचे, आणि कोणी आजारी पडला किंवा गेला तर घरी कळवायचे. आजच्या छापील घटनांत चाळीसेक कलमे असतात; ती सगळी या तिन्हींच्या खाली बसवलेली आहेत.

गोव्याच्या लोकांनी हेच काम जास्त नीटनेटके केले. धोबीतलावच्या आसपास त्यांचे कूड होते आणि काही अजूनही आहेत. एका गावाचे एक कूड, तिथे वेदी, ट्रंकांची रांग, संध्याकाळच्या प्रार्थनेला हजेरी सक्तीची आणि गावच्या संताचे फेस्त मुंबईतच. बोटीवर नोकरी धरणारा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढी. कोकण्यांना मात्र देव मुंबईला आणण्याची कल्पना कधी मानवली नाही. देव तिथेच राहणार, आपण त्याच्याकडे जाणार, आणि जाण्याचा खर्च, वेळ आणि त्यावरचे भांडण हाच मंडळाचा मुख्य उद्योग होणार, हे त्या एका निर्णयाने ठरून गेले.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि खोल्यांची घडी विस्कटली. काही जण गावी परतले, काहींनी उपनगरे गाठली. आज मंडळाचे सभासद विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर अशा चारही दिशांना राहतात आणि सभा मात्र जुन्या सवयीने परळ-लालबागला भरते. दर महिन्याचा दुसरा रविवार ठरलेला. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉकही ठरलेला. त्यामुळे मुंबई शाखेच्या इतिवृत्तात अनुपस्थितीची जी कारणे नोंदलेली सापडतात, त्यांत आजारपण आणि लग्नकार्य मिळूनही मेगाब्लॉकची बरोबरी करू शकत नाहीत.

गणसंख्येचे कलम या परिस्थितीला धरूनच बेतलेले असते. ठरल्या वेळी पुरेसे सभासद नसतील तर सभा तहकूब करावी, आणि तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घ्यावी. तेव्हा गणसंख्येची अट राहत नाही. सभासदांनी हे कलम नीट वाचलेले आहे. पाचची सभा म्हणजे साडेपाचची, हे ओळखून ते पावणेसहाला येतात. पाच वाजता हजर असतो फक्त सचिव. तो स्वतःपुढेच सभा सुरू करतो, गणसंख्येअभावी ती स्वतःच तहकूब करतो आणि खाली जाऊन चहा पिऊन येतो. नंतर मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. इतिवृत्त कायम होणे आणि त्यातले ठराव अमलात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनुभवी सचिव त्यांची गल्लत होऊ देत नाही.

कायद्याच्या दृष्टीने मंडळ हा गंभीर प्रकार आहे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंद, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली दुसरी नोंद, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षीचा लेखापरीक्षित हिशेब. कार्यकारिणी बदलली की कलम 22 प्रमाणे बदल अहवाल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला चेंज रिपोर्ट, नव्वद दिवसांत दाखल करावा लागतो. तो दाखल होतो. मग तारखा पडतात. मधल्या काळात आणखी एक निवडणूक होते. अशा रीतीने काही मंडळांत तीन कार्यकारिण्या एकाच वेळी नांदतात: एक निवडून आलेली, एक काम करणारी आणि एक दप्तरी मंजूर असलेली. शेवटचीतले निम्मे जण वार्षिक अहवालाच्या श्रद्धांजलीच्या पानावरही असतात. बँकेला सही त्यांचीच हवी असते.

गणपतीच्या हालचाली चैत्र-वैशाखातच सुरू होत. रेल्वेचे आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडे, त्यामुळे आंब्याच्या पेट्या उतरवतानाच मोदकांची तिकिटे काढावी लागत. 1 नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. चिंता मात्र 120 दिवसांचीच राहिली. फरक एवढाच की आता पहिले साठ दिवस ती नुसती करायची. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 ला पूर्ण मार्गावर धावू लागली तेव्हा एसटीचे दिवस भरले असे शहाण्यांनी सांगितले होते. झाले उलटेच. मंडळे आजही वाडीसाठी अख्खी गाडी ग्रुप आरक्षणाने घेतात, कारण रेल्वे स्टेशनात उतरवते आणि एसटी थेट वाडीच्या फाट्यावर. शिवाय रेल्वेत वाडीचे लोक वेगवेगळ्या डब्यांत विखुरतात आणि बारा तासांचे भांडण पाच ठिकाणी तुटक तुटक करावे लागते. एसटीत ते सलग होते. महामार्गाच्या रुंदीकरणाने त्यासाठी वेळही मुबलक दिला आहे. पनवेल-इंदापूर टप्प्याचे काम 2011 मध्ये सुरू झाले. तेव्हा जन्मलेली पोरे आता दहावी होऊन मंडळाचा गुणगौरव स्वीकारण्याच्या वयाला आली, तरी माणगावचा खोळंबा वार्षिक सभेइतकाच नेमाने भरतो.

संयुक्त सर्वसाधारण सभा गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात होते. दिवस हिशेबाने निवडलेला असतो. आदल्या दिवशी सगळे हळवे असतात आणि त्याच संध्याकाळी परतीची गाडी. बाहेर पाऊस कौलांवरून पागोळ्यांनी गळत असतो, आत एका बाजूला मुंबईकर, दुसऱ्या बाजूला गाववाले, मध्ये सतरंजीची एक रिकामी पट्टी. तिच्यावर कोणी बसत नाही. अध्यक्षांना मात्र बसावे लागते. बायका मागे खांबाला टेकून. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांच्या नावचा विषय नसतो, तरी खजिनदाराने आकडा चुकवला की दुरुस्ती तिकडूनच येते.

पहिला विषय पाण्याचा. वाडीची टाकी वर्षभर राहणाऱ्या चाळीसएक माणसांच्या हिशेबाने बांधलेली. गणपतीत दोनशे माणसे तिच्यावर अंघोळी करतात आणि तिसऱ्या दिवशी पंप जळतो. मग प्रश्न येतो पाणीपट्टीचा. मुंबईकर म्हणतात, आमचे घर अकरा दिवस उघडे, आम्ही अकरा दिवसांची देऊ. गाववाले म्हणतात, पंप तुमच्या अकरा दिवसांतच जळतो, तेव्हा पट्टी बारा महिन्यांची आणि पंप तुमच्याकडे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि गणितही बरोबर आहे. म्हणून हा विषय सुटत नाही. चुकीच्या गणिताचा वाद एकदाचा मिटवता येतो. दोन बरोबर गणितांचा पुढच्या वर्षावर ढकलावा लागतो.

त्यानंतर पाखाडी. चिऱ्यांची ही पायवाट वाडीतून खाली समुद्राकडे उतरते आणि मुंबई शाखेने तिचे काँक्रीट करून दिलेले असते. वरच्या टोकाला संगमरवरी पाटी, तिच्यावर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने. 5000 देणाऱ्याच्या वर 5001 देणारा. हा एक रुपया शकुनाचा असतो असे बाहेरच्यांना वाटते. पाटीच्या खालच्या भागात पावसाचे शिंतोडे उडून शेवाळ धरते, त्यामुळे 501 च्या खालची नावे चौथ्या पावसाळ्यात वाचता येत नाहीत. ती खरवडण्याचे काम ग्रामीण शाखेचे की मुंबईचे, हा उपविषय.

वानरांचा विषय मुंबई शाखा मांडते. बंद घराची कौले फोडणे, माडावरचे कोवळे नारळ कुरतडून टाकणे, पेरू झाडावर न ठेवणे असे आरोप वाचले जातात आणि बंदोबस्ताचा ठराव एकमताने संमत होतो. खरे तर वानरे हीच वाडीतली एकमेव जमात आहे जिची लोकसंख्या बारा महिने स्थिर असते, जिच्यात मुंबई शाखा नाही आणि जी सर्वसाधारण सभेला बाहेरच्या पिंपळावरून वेळेवर हजर असते. समुद्राने खाल्लेली पुळण, धूपप्रतिबंधक बंधारा, 2020 च्या निसर्ग वादळात उन्मळलेले माड या विषयांना तुलनेने कमी वेळ मिळतो. समुद्राकडून वर्गणी वसूल करता येत नाही.

जातीचा विषय पत्रिकेवर कधीच नसतो. त्याची गरज पडत नाही, कारण वाड्याच तशा वसलेल्या आहेत. भंडारवाडी, खारवीवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी, प्रत्येकीचे मंडळ वेगळे, मुंबई शाखा वेगळी आणि क्रिकेटचा चषकही वेगळा. ‘ग्रामस्थ’ हा शब्द सगळ्यांच्या पावतीपुस्तकांवर सारखाच छापलेला असतो. या बाबतीत मंडळांची प्रगती पाखाडीइतकी झालेली नाही हे कबूल केले पाहिजे.

शिमग्याचा कारभार निराळा चालतो. तिथे कार्यकारिणीपेक्षा मानकरी मोठे. पालखी आधी कोणाच्या अंगणात जाणार, सहाणेवर ती कोणाच्या खांद्यावरून उतरणार, होळीला पहिला हात कोणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि पिढ्यान्‌पिढ्या वादात असते. मुंबईचा एखादा सुशिक्षित सहसचिव पाळीचे वेळापत्रक संगणकावर करून आणतो. ते देवळात लावले जाते, सगळे कौतुकाने वाचतात आणि पालखी जुन्याच वाटेने निघते. वाद फारच चिघळला तर देवाला गाऱ्हाणे घातले जाते. तळकोकणात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यावर जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. सूचक आणि अनुमोदक अशा दोघांचीच नावे लिहिण्याच्या आधुनिक पद्धतीपेक्षा ही मतदानाची रीत अधिक व्यापक आहे, आणि हिच्यात तटस्थ राहण्याची सोय नाही.

हंगामी माणूस गावाला पाहिजे असतो की नको, हा एरवी न विचारलेला प्रश्न 2020 मध्ये करोनाच्या साथीत उघड्यावर आला. त्या वर्षी गणेश चतुर्थी 22 ऑगस्टला होती. 12 ऑगस्टपर्यंत पोचणाऱ्यांना दहा दिवस अलगीकरण, त्यानंतर येणाऱ्यांना तपासणी, असा सरकारी नियम निघाला. पण आधी गावोगावच्या समित्यांनी चौदा दिवसांचा आग्रह धरला होता. चौदा दिवस अलगीकरण आणि अकरा दिवस गणपती मिळून पंचवीस दिवसांची रजा कोणता मालक देणार, असा मुंबई शाखेचा सवाल. कोणी सांगितले या म्हणून, असा ग्रामीण शाखेचा. शेवटी जे पोचले त्यांतले काही प्राथमिक शाळेच्या वर्गात राहिले. ज्या वर्गाच्या खिडक्यांना आपण दिलेल्या देणगीतून गज बसले, त्याच गजांच्या आतून त्यांनी आपल्या घराचे कुलूप दहा दिवस पाहिले. किल्ली काकींकडेच होती. डबा सकाळ-संध्याकाळ त्याच ठेवून जात, वर्गाच्या पायरीवर, आणि चार पावले मागे सरकून हाक मारत.

सरकारने 2025 मध्ये अशा माणसाला ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावे असे सुचवले. मंडळांच्या पत्रकांत बदल झाला, माजघरात नाही. गाववाला त्याला आजही ‘मुंबयकार’च म्हणतो, आणि मुंबईत शेजारी त्याला ‘गाववाले’ म्हणतात. या माणसाला दोन्हीकडे दुसऱ्या ठिकाणचे नाव आहे.

अलिबाग-किहीमकडे किंवा दापोलीच्या एनए प्लॉटांवर बंगलेवाल्यांच्या ज्या असोसिएशन उगवल्या आहेत, त्या या जातीच्या नाहीत. तिथे सभासदांचे देव वेगवेगळे, भाषा वेगवेगळ्या आणि समान दैवत एकच, वॉचमन. त्याचा पगार, त्याची झोप आणि त्याचा गावी जाण्याचा दिवस, एवढ्यावर त्यांच्या सभा चालतात. खारी हवा सहा महिन्यांत फाटकाच्या बिजागऱ्या खाते, ही बाब तेवढी दोघांना समान.

काठ असला की मंडळ असते. त्यासाठी समुद्रच लागतो असेही नाही. हुबळी आणि धारवाड यांच्यामधल्या उणकलला चंद्रमौळीश्वराचे चालुक्यकालीन देऊळ आहे आणि मोठा तलाव आहे, ज्याच्या मधोमध विवेकानंदांचा पुतळा उभा आहे. तिथल्यांना समुद्र पाहायचा तर कारवार किंवा गोवा गाठावा लागतो. तलावकाठच्या कॉलन्यांतल्या मराठी घरांना सभेत कन्नड लागते. चहाच्या वेळची कुजबुज मराठीत होते. त्यांचा कायमचा विषय जलपर्णी. ती काढतात, ती परत येते. मात्र तिथे सभासद बारा महिने घरी असल्याने भांडणाला घाई नसते. या रविवारी राहिलेले पुढच्या रविवारी करता येते, शब्द जपून वापरता येतात, हुबळी-धारवाडची चिगरी बस पकडून धारवाडच्या जाणकाराचे मत घेऊन येता येते. कोकणातल्या सभेला ही चैन नाही. तिला वर्षाचे भांडण एका दुपारी संपवावे लागते, आणि म्हणून ते असे कसदार होते.

सभेचा शेवटचा विषय भांड्यांचा. मंडळाची खरी मालमत्ता म्हणजे भांडी: चार मोठे टोप, सहा पराती, घमेली, डाव, झारे, दोन मोठ्या सतरंज्या आणि स्टीलचे ग्लास. प्रत्येकावर मंडळाचे नाव मशीनने टिंबाटिंबाने कोरलेले. ही भांडी लग्नाला, बाराव्याला, पूजेला भाड्याने जातात आणि मंडळाचे नियमित उत्पन्न एवढे एकच असते. शंभर ग्लास घेतले होते. पहिल्या वर्षी अठ्ठ्याण्णव भरले, मग एक्याण्णव, मग एकोणऐंशी. एका वर्षी मोजणी एकशे तीन आली. तेव्हा मंडपात जी शांतता पसरली ती तुटीच्या वर्षी कधी पसरली नव्हती. ग्लास उलटे करून पाहिल्यावर दोन शेजारच्या वाडीच्या मंडळाचे निघाले, एक गिरणी बंद होण्याआधीच्या एका कँटीनचा. तो कोणी आणला हे विचारण्याची हिंमत कोणाला झाली नाही, कारण तो आणू शकेल असे मंडपात तिघेच होते आणि तिघेही सल्लागार.

मग अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय येतात. ते येईपर्यंत फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजू लागतो. पिशव्या उचलल्या जातात, नारळ, कोकमे, पोह्याचे पापड, केळीच्या पानात बांधलेले मोदक. मुंबईचा खजिनदार उभ्याउभ्याच हिशेबावर सही करतो. एकेक जण काकींच्या पायरीवर थांबतो, किल्ली देतो, वाकून नमस्कार करतो. काकी विचारतात, “गॅस बंद केलास ना रे?” तो हो म्हणतो, दहा पावले जातो, परत येऊन किल्ली मागून घेतो आणि घर उघडून पाहून येतो. गॅस बंदच असतो.

इतिवृत्तात सचिव लिहितो: ग्लासांबाबतचा निर्णय वेळेअभावी पुढील सभेत घ्यावा असे ठरले. सूचक, मुंबई. अनुमोदक, ग्रामीण.